पोकरचं थेट प्रक्षेपण: पाहुणे बोलतात तेव्हा

आधीच सांगते, मी खेळत नाही, फक्त बघते. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकरला जुगारातच बसवलं, आणि आमच्या बडोद्यात पैशांचे डाव रंगतात ते श्रावणात, सातम-आठमला (म्हणजे जन्माष्टमीच्या सुमारास), तेही दार लोटून. आमच्या घरात रमीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. त्यामुळे समालोचक जेवढं सांगतील तेवढाच खेळ मला कळतो. सोबतीला सासरे असतात. युरोपियन पोकर टूर असली की दुपारची झोप झाल्यावर, आणि लास व्हेगासची ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’ असली की तिथली रात्र म्हणजे आपली सकाळ, म्हणून पहिल्या चहाबरोबर.

समालोचकांच्या नेहमीच्या जोड्यांबद्दल फार लिहीत नाही. जेम्स हार्टिगन आणि जो स्टेपल्टन एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, ते ऐकताना जाणवतं. स्टेपल्टन मुळात विनोदी कलाकार, त्यामुळे चार-पाच तास कंटाळा येत नाही. प्रश्न त्यांच्या शेजारी येऊन बसणाऱ्या पाहुण्यांचा आहे.

खेळाडूंचे झाकलेले पत्ते आपल्याला दिसतात. ते कुणी टेबलापर्यंत पोचवू नयेत म्हणून प्रक्षेपण बहुतेक वेळा अर्धा-एक तास मागे चालतं. याची एक गंमत होते. नुकताच बाद झालेला खेळाडू समालोचनाला येऊन बसतो आणि पडद्यावर मात्र तो अजून खेळतोच आहे! अशा वेळी यजमानाने त्याला नीट बोलतं केलं, तर त्याच्यासारखा पाहुणा नाही. डावीकडचा माणूस सकाळपासून किती वेळा पाने टाकून देतोय, कोण थकलाय, कोण चिडलाय, हे त्यालाच ठाऊक असतं. पण यजमान मध्येच स्वतःचा विनोद सरकवतो. सासरे वैतागतात, "बोलावलंय ना त्यांना? मग बोलू द्या की!"

दुसऱ्या जातीचे पाहुणे दोघांचे पत्ते बघून निकाल देतात. "इथे फोल्ड करायला, म्हणजे पाने टाकून द्यायला हवं होतं." अहो, समोर तीन राजे आहेत हे दिसल्यावर मीही फोल्ड करीन! खेळाडूला जेवढं दिसतंय तेवढ्यावर विचार करून दाखवणारे थोडेच. निक शुलमन त्यातला. स्वतः ब्रेसलेट, म्हणजे वर्ल्ड सीरिजमधल्या विजेत्याला मिळणारं कडं, जिंकलेला, तरी आवाज चढवत नाही, आणि अवघड निर्णयाला सरळ ‘अवघड’ म्हणतो. २०११च्या वर्ल्ड सीरिजमधल्या मुख्य स्पर्धेचं अंतिम टेबल, जे पिउस हाइन्झने जिंकलं, तेही जरूर बघा. तेव्हा पत्ते डाव संपल्यावरच दाखवत, आणि समालोचनाला बसलेला खेळाडू अँटोनियो एस्फान्दियारी नुसत्या बोलींवरून कुणाकडे काय असेल ते सांगत होता. मला वाटतं, पाहुण्यांना आजही असंच बसवावं. त्यांना पत्ते दाखवूच नयेत.

मुलाखतींनी मात्र निराशा केली. माणूस हरून उठतो, त्याचा श्वासही खाली बसलेला नसतो आणि माइक पुढे येतो, "कसं वाटतंय?" कसं वाटणार? मध्यंतरातल्या मुलाखती त्यामानाने बऱ्या, पण तिथेही अर्धा वेळ प्रायोजकाचं नाव घेण्यात जातो. मुलाखती घेणारी कारा स्कॉट स्वतः खेळाडू असल्यामुळे विशिष्ट डाव धरून विचारते, "टर्नवर (टेबलावरचं चौथं उघडं पान) का थांबलात?" मग समोरच्यालाही उत्तर द्यावंच लागतं. असे प्रश्न विचारणारे दोन-तीन जण जरी असते तरी ब्रेकमध्ये मी स्वयंपाकघरात गेले नसते.

भारतीय आवाज मला क्वचितच ऐकू आला. २०१८ साली वर्ल्ड सीरिजचं ब्रेसलेट जिंकणाऱ्या निकिता लूथरला तासभर बसवलं, तर मी कुकरची शिट्टी बंद ठेवून ऐकेन.

पाहुण्यांना पाचपैकी साडेतीन तारे, मुलाखतींना दोन. प्रक्षेपण बघायला पैसे भरायच्या आधी यूट्यूबवर फुकट मिळणारे जुने अंतिम दिवस बघा. एकदम वर्षाची वर्गणी घेऊ नका, मोठी स्पर्धा असेल त्या महिन्यापुरती घ्या. सासऱ्यांचं मत वेगळं आहे, त्यांना वर्षाचीच हवी आहे.