फ्युरा-२ एएम: रोहिणीच्या स्नायूपेशींतलं कॅल्शियम मोजायला अजूनही हाच डाय

उच्च रक्तदाबात रोहिणी अँजिओटेन्सिन या संप्रेरकामुळे गरजेपेक्षा जास्त का आवळते, याचा शोध पेशीत घ्यायचा तर कॅल्शियम मोजावंच लागतं. रॉजर त्सीन यांच्या गटाने १९८५ साली मांडलेला फ्युरा-२ हा डाय, म्हणजे कॅल्शियम धरल्यावर चमक बदलणारा रंग, या कामाला आजही सर्वांत विश्वासाचा. एएम हे त्याचं एस्टर रूप: ते पेशीत शिरतं आणि आत एस्टर तुटला की डाय कॅल्शियम धरू लागतो. अपट्टकी स्नायूपेशी संप्रेरक लागताच आकसते. फ्लुओ-४ सारख्या एकाच तरंगलांबीच्या डायमध्ये पेशी नुसती जाड झाली तरी चमक वाढते आणि कॅल्शियम वाढल्याचा भास होतो. फ्युरा-२ वर ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीने टाकून ५१० ला मोजतात. दोन्हींचं गुणोत्तर घेतलं की पेशीची जाडी आणि डायचं कमीजास्त प्रमाण यांचा फरक बराचसा गळून पडतो.

डायच्या ५० मायक्रोग्रॅमच्या छोट्या कुप्याच घ्याव्यात. एका कुपीत ५० मायक्रोलिटर कोरडं डीएमएसओ हे द्रावक घातलं की साधारण १ मिलिमोलरचं मूळ द्रावण तयार. मोठी कुपी पुन्हा पुन्हा उघडली की डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं, एस्टर तुटतो, आणि तुटलेला डाय पेशीत शिरत नाही. ते त्याच दिवशी संपवावं, उरलेलं टाकून द्यावं.

तक्रारी बहुतेक डाय भरण्यात होतात. २ ते ५ मायक्रोमोलर डाय, तो पाण्यात विरघळायला ०.०२ टक्के प्लुरॉनिक एफ-१२७, आम्लता स्थिर ठेवणारं हेपेस बफर, खोलीच्या तापमानाला अंधारात ३० ते ४५ मिनिटं. बफरमध्ये सीरम नको, त्यातली एस्टरेझ ही एस्टर तोडणारी विकरं डाय बाहेरच तोडतात. फिनॉल रेड हा माध्यमातला रंगही नको, त्याची स्वतःची चमक मध्ये येते. धुतल्यावर आणखी २०–३० मिनिटं थांबायचंच. न तुटलेला एस्टर चमकतो, पण कॅल्शियमला दाद देत नाही. घाईने ३७ अंशांवर भरलं तर डाय मायटोकाँड्रियात आणि सार्कोप्लाझ्मिक जाळीत (पेशीतला कॅल्शियमचा साठा) शिरतो. भिंगाखाली पेशीभर एकसारखा मंद उजेड दिसायला हवा. केंद्रकाभोवती ठिपके आणि दोरे दिसले की ती काचपट्टी सोडून द्यावी. जास्त डाय भरून सिग्नल सुधारत नाही. डाय स्वतःच कॅल्शियम धरून ठेवतो आणि आलेखातलं शिखर बुटकं होतं.

आलेख चांगला आला की या डायचं मोल कळतं. विश्रांतीत १०० नॅनोमोलरच्या आसपास सपाट रेषा. १०० नॅनोमोलर अँजिओटेन्सिन-२ दिलं की पेशीवरचा त्याचा एटी१ रिसेप्टर, जीक्यू प्रथिन, फॉस्फोलायपेझ सी आणि आयपी३ या संदेशांच्या साखळीने पेशीतल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटतं आणि काही सेकंदांत टोकदार शिखर उठतं. मग रेषा खाली येऊन बुटक्या पठारावर टिकते. हे बाहेरून आत येणारं कॅल्शियम. बफरमधलं कॅल्शियम काढून ईजीटीए (कॅल्शियम बांधून टाकणारं रसायन) घातलं तर शिखर राहतं, पठार कोसळतं. उत्स्फूर्त उच्च रक्तदाबाच्या उंदरांच्या आणि तुलनेसाठी सामान्य रक्तदाबाच्या विस्टार-क्योटो उंदरांच्या पेशी शेजारी ठेवून बिघाड साठ्यात आहे की बाहेरून आत येण्याच्या वाटेत, हे इथेच वेगळं करता येतं. आधी एटी१ अडवणारं १ मायक्रोमोलर लोसार्टन दिल्यावरही शिखर उठलं, तर तो प्रतिसाद एटी१चा नाही.

एका काचपट्टीवर अँजिओटेन्सिनची एकच मात्रा. एटी१ लगेच बधिर होऊन पेशीत ओढला जातो, त्यामुळे दुसरं शिखर लहानच येतं. पेशी सुरुवातीच्या पॅसेजच्याच (प्रयोगशाळेत कमी वेळा नव्याने वाढवलेल्या) असाव्यात. पुढे त्या आकुंचनाचा गुण आणि कॅल्शियम आत घेणाऱ्या एल-प्रकारच्या वाहिन्या गमावतात. पठारावर निफेडिपिन (या वाहिन्या अडवणारं औषध) तपासताना जपावं: अतिनील प्रकाशात ते तुटतं आणि फ्युरा-२ ला नेमका तोच प्रकाश लागतो. उजेड कमीत कमी वेळ उघडावा.

एक मोठी मर्यादा मात्र आहे. ऱ्हो-कायनेझ हे विकर स्नायू सैल करणाऱ्या मायोसिन फॉस्फेटेझला दाबून तेवढ्याच कॅल्शियमवर जास्त आकुंचन घडवतं. उच्च रक्तदाबात हा भाग बराच महत्त्वाचा, आणि डायला तो दिसतच नाही. दोन्ही उंदरांचे आलेख सारखे आले म्हणून पेशी सारख्या ठरवू नयेत. रोहिणीच्या कापलेल्या कड्याचा ताणही मोजावा.

नॅनोमोलरमध्ये आकडे हवे असतील तर शेवटी आयनोमायसिनसोबत (ते पेशीपटलातून कॅल्शियम आरपार नेतं) भरपूर कॅल्शियम, मग ईजीटीए देऊन गुणोत्तराची वरची आणि खालची हद्द घ्यावी. दोन्ही तरंगलांब्यांची पार्श्वभूमी आधी वजा करायची, गुणोत्तर त्यानंतर. ३७ अंशांवर केडी (ज्या कॅल्शियमला निम्मा डाय भरतो ते प्रमाण) २२४ नॅनोमोलर धरतात; मोजणी खोलीच्या तापमानाला केली असेल तर हा आकडा वापरू नये.