सहा सोलर पॅनल गच्चीवर चढले, आता सिरीज करायचे की पॅरलल?

मागच्या मे महिन्यात नागपुरात मानेवाड्याला साडूंकडे गेलो होतो. दुपारचा एक वाजलेला, उन्हाने गच्ची भाजून निघालेली, आणि साडू मोबाइल पुढे करून म्हणाले, "भाऊ, बघा ना. तीन किलोवॅटचं बसवलं आणि १.९ च्या पुढे आकडा जाऊनच नाही राहिला." ॲपमधला दिवसाचा आलेख पाहिला तर त्याचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट. ढग असते तर आलेख दातेरी दिसला असता. सपाट माथा म्हणजे कुणीतरी वरून हात ठेवून दाबतंय.

गच्चीवर ५४० वॅटचे सहा पॅनल होते. सोलरवाल्याने तीन-तीनच्या दोन माळा करून त्या वाय कनेक्टरने (दोन वायरींची एक करणारा Y आकाराचा जोड) पॅरलल जोडल्या होत्या. कारण विचारलं तर म्हणाला, टाकीची सावली एका माळेवर आली तरी दुसरी चालते. ऐकायला पटतं, आणि गोम तिथेच आहे.

नवीन बसवणाऱ्याने आधी दोन लेबलं वाचावीत. पहिलं पॅनलच्या पाठीवरचं. साडूंच्या पॅनलवर उघडं व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचं) ४९.६, चालू व्होल्टेज (वीज देत असतानाचं) ४१.६ आणि चालू प्रवाह १३ अँपिअर असं होतं. दुसरं इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या पेटीच्या, कुशीवरचं: कमाल ५५० व्होल्ट, सुरू व्हायला १२०, एमपीपीटीची (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा आतला भाग) पट्टी ८० ते ५०० व्होल्ट, कमाल प्रवाह १६ अँपिअर. सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते आणि प्रवाह तोच राहतो. पॅरललमध्ये प्रवाहाची बेरीज होते, व्होल्टेज तेच राहतं. शाळेतलाच धडा, पण पैसे मोजायची वेळ आली की नेमका विसरतो.

आता हे दोन्ही आकडे नागपूरच्या हवेत घालून बघा. पॅनलवरचे आकडे सेलचं तापमान २५ अंश धरून छापलेले असतात. मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर असते आणि पॅनलचं अंग सहज ७० पर्यंत जातं. तेव्हा ४१.६ चे जेमतेम ३५ व्होल्ट उरतात. सहाही सिरीजमध्ये असतील तर २१० व्होल्ट आणि १३ अँपिअर, म्हणजे पट्टीच्या आत आणि प्रवाहही मर्यादेत. साडूंच्या जोडणीत तीन पॅनलचे १०५ व्होल्ट आणि दोन माळांचे मिळून २६ अँपिअर. इन्व्हर्टर घेणार १६. मग तो व्होल्टेज थोडं वर सरकवतो, १२० च्या आसपास थांबतो, आणि सोळा गुणिले १२० म्हणजे झाले १.९ किलोवॅट. हाच तो वरून दाबणारा हात. या इन्व्हर्टरची शॉर्ट सर्किट प्रवाहाची (दोन्ही टोकं थेट जोडली तर वाहणारा प्रवाह) मर्यादा २० अँपिअर होती आणि दोन माळांच्या तशा प्रवाहाची बेरीज २७ च्या वर जात होती. म्हणजे वॉरंटीचाही प्रश्न होताच.

वायरीतला तोटा वेगळाच. गच्चीपासून जिन्याखालच्या इन्व्हर्टरपर्यंत २५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ५०. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध तेवढ्यात पाव ओहम धरा. १३ अँपिअरला साधारण ४२ वॅट वायर गरम करण्यात जातात. २६ अँपिअर खरंच वाहिले तर १६९. प्रवाह दुप्पट झाला की तोटा चौपट होतो.

मग सावलीचं काय? सोलरवाल्याचा मुद्दा इथे होता, म्हणून जरा थांबतो. आपल्याकडे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य सुमारे ४५ अंशांवर असतो, त्यामुळे सहा फुटी टाकीची सावली उत्तरेला सहा फूट पडते. सकाळी सव्वानऊला तीच अकरा फुटांच्या पुढे जाते. समजा एक पॅनल पूर्ण झाकला. सिरीजमध्ये सगळं बंद पडतं हा समज खोटा आहे. प्रत्येक पॅनलच्या जंक्शन बॉक्समध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात, ते झाकलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे पाठवतात. सहापैकी पाचांची वीज मिळते. तीन-तीनच्या पॅरललमध्ये मात्र सावलीतल्या माळेत दोनच पॅनल उरतात, त्यांचं व्होल्टेज दुसऱ्या माळेच्या बरोबरीला येत नाही आणि ती माळ जवळपास बसूनच राहते. म्हणजे हातात निम्मी वीज. सावलीसाठी केलेला उपाय सावलीतच जास्त मार खातो! फक्त इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये शॅडो स्कॅन (सावली असताना जास्त वीज कुठल्या व्होल्टेजला मिळते ते शोधणारी सोय) असेल तर ते सुरू आहे का बघा. बऱ्याच घरी ते बंदच असतं.

दोन एमपीपीटीचा इन्व्हर्टर घेऊन प्रत्येकी तीन पॅनल द्यावेत का? सगळे एकाच दिशेला असतील तर मी नाही म्हणेन. मे महिन्यात १०५ व्होल्ट म्हणजे पट्टीच्या कडेला चालणं. त्यात एक पॅनल सावलीत गेला की ७०, म्हणजे पट्टीच्या बाहेर. अर्धे पॅनल पूर्वेला आणि अर्धे पश्चिमेला असतील तर मात्र दोन एमपीपीटीच हव्यात, कारण वेगवेगळ्या तोंडाचे पॅनल एका माळेत ओवले की ज्याला ऊन कमी तोच सगळ्यांचा प्रवाह ठरवतो. पण मग माळेत चार-पाच पॅनल तरी असू द्या.

सिरीजचाही अतिरेक होतो. पाच-सहा किलोवॅटवाल्यांनी हे लक्षात घ्यावं. अकरा पॅनल एका माळेत घेतले तर ४९.६ च्या हिशोबाने ५४५.६ व्होल्ट होतात. इन्व्हर्टर ५५० चा, म्हणजे कागदावर बसलं. पण थंडीत व्होल्टेज वाढतं. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तेवढ्या गारठ्यात पहिलं ऊन पडताच तीच माळ ५७७ वर जाते आणि इन्व्हर्टरची किंमत तुमच्या खिशातून जाते. दहा पॅनल ५२५ वर थांबतात. अकरावा वेगळ्या एमपीपीटीवर एकटा चालत नाही, तेव्हा दहा किंवा बारा घ्या. बारा असतील तर सहा-सहाच्या दोन माळा, वेगवेगळ्या एमपीपीटीवर.

पॅरललचं खरं घर बॅटरीवाल्या छोट्या इन्व्हर्टरचं. १०० व्होल्टची मर्यादा असलेल्या एमपीपीटी चार्जरवर हेच दोन पॅनल सिरीज केले तर लेबलवर ९९.२ दिसतात आणि थंडीत १०५ होतात. तिथे पॅरललच करा. जुन्या पीडब्ल्यूएम चार्जरवर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५४० वॅटचा पॅनल लावूच नका. तो चार्जर पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचतो. १३ अँपिअर गुणिले साडेतेरा व्होल्ट, म्हणजे १७५ वॅट. बाकीचे पैसे उन्हात वाळत घातले.

मायक्रोइन्व्हर्टरमध्ये हा वादच उरत नाही, प्रत्येक पॅनलखाली स्वतःचा छोटा इन्व्हर्टर. महाग पडतो, आपल्या मे महिन्यात तापलेल्या पॅनलच्या पोटाखाली राहतो, आणि बिघडला तर पॅनल उचलावा लागतो. नागपूरच्या महाल भागातल्या चिंचोळ्या, चारी बाजूंनी उंच भिंती असलेल्या गच्चीवर मी त्याचा विचार करेन. मानेवाड्याच्या मोकळ्या छतावर नाही. पीएम सूर्यघर योजनेचं तीन किलोवॅटचं ७८,००० रुपयांचं अनुदान सिरीज-पॅरलल पाहून बदलत नाही, त्यामुळे त्या बाजूने काही दडपण नाही.

साडूंकडची दुरुस्ती तासाभराची होती. संध्याकाळी आधी एसी (घराच्या विजेची बाजू) बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडची वीज तोडणारा स्विच) बंद, त्यानंतरच एमसी४ (पॅनलच्या वायरींचे कनेक्टर) उघडले. प्रवाह चालू असताना ते ओढलं तर ठिणगी विझत नाही, कारण डीसीला एसीसारखा शून्याचा क्षण नसतो. एका वाय कनेक्टरचं टोक तपकिरी पडलेलं निघालं. नर एका कंपनीचा, मादी दुसऱ्या. दोन्ही वाय काढले, एक जोडवायर घातली, सहाही एका माळेत. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा २.५ किलोवॅटवर होता, आणि तेही धूळ न पुसता.

तुमच्याकडे बसवतील तेव्हा माळ इन्व्हर्टरला लावायच्या आधी मीटर लावून दाखवायला सांगा. सहा पॅनलला मे महिन्याच्या दुपारी २६० व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, डिसेंबरच्या सकाळी ३०० च्या पुढे. दुपारी २२० च दिसले तर एक पॅनल माळेत आलेलाच नाही. १७५ दिसले तर एक उलटा जोडलाय.