‘दहापैकी किती?’ की घड्याळ: किशोरांच्या जुनाट दुखण्यात व्यायाम कशावर बेतायचा

तीन महिन्यांहून जास्त दुखतंय, तपासण्या झाल्या, धोक्याचं काही सापडलं नाही, आणि तेरा-चौदा वर्षांचं मूल हळूहळू शाळा, खेळ, जिने सगळं टाळू लागलंय. इथपर्यंत आलेल्या फिजिओथेरपिस्टला आणि आईबाबांनाही दुसऱ्या आठवड्यापर्यंत एक गोष्ट ठरवावी लागते: थांबायचं कधी हे कोण सांगणार, दुखणं की आधी ठरवलेला आकडा? व्यायाम दोन्हीकडे जवळपास तेच असतात: उठबस, पायरी चढणं, चालणं, तोल. फरक फक्त थांबण्याच्या नियमात आहे, पण सहा आठवड्यांनी मूल कुठे पोहोचतं हे बरंचसं त्या नियमावर ठरतं.

पहिली पद्धत दुखणं बघून चालते. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालू ठेवा, पाचच्या वर गेलं तर वजन किंवा फेऱ्या कमी करा, आणि वाढलेलं दुखणं चोवीस तासांत मूळ पातळीवर आलं नाही तर पुढच्या वेळी एक पायरी खाली या. दुसरी पद्धत कोट्याची. तीन दिवस मुलाला झेपेल तेवढं करू द्यायचं, त्याची सरासरी काढायची, तिच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर सुरुवात करायची आणि मग आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वाढवायचं. वाईट दिवशी कमी नाही, चांगल्या दिवशी जास्त नाही. चालण्याचे आकडे १०, १४ आणि ९ मिनिटं आले तर सरासरी ११ आणि सुरुवात ८ मिनिटांवर. मूल म्हणेल, ‘एवढंच?’ हो, एवढंच.

पहिल्या पद्धतीला कमी लेखायचं कारण नाही. ताज्या दुखापतीत, शस्त्रक्रियेनंतर, हाडावर ताण येऊन झालेल्या इजेत, गुडघ्याखालच्या वाढत्या हाडाच्या टोकाला खेळून सूज आली असेल तर, आणि सांधेदाहाच्या उसळीत दुखण्याचा आकडा खरोखर काहीतरी सांगत असतो. तिथे ऊतींवरचा भार आणि दुखणं यांचं नातं बऱ्यापैकी सरळ असतं. कोट्याचा हट्ट तिथे धरला तर नुकसान होऊ शकतं. म्हणून कोटा लिहायला घेण्याआधी एवढं पाहून घ्यावं: रात्री झोपेतून उठवणारं आणि सतत वाढत जाणारं दुखणं, ताप, वजन घटणं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा, सांध्यावर दिसणारी सूज, पायातली ताकद किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं. यातलं एकही असेल तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

आता उरतात ती मुलं ज्यांचं दुखणं आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, ‘प्राथमिक जुनाट वेदना’ या नावाखाली येतं: सर्वांगाचं दुखणं, पाठ, पोट, डोकं, किंवा एकाच हातापायात अडकलेला सीआरपीएस, म्हणजे साध्या स्पर्शानेही तीव्र दुखण्याचा विकार. यांच्यात मज्जारज्जू आणि मेंदूतला दुखण्याचा आवाज वाढलेला असतो. सारख्याच हलक्या टोचण्या लागोपाठ दिल्या तर दहावी टोचणी पहिलीपेक्षा जास्त दुखते. हे थोडंफार सगळ्यांत होतं, यांच्यात जास्त. मेंदूच्या देठातून खाली येणारी दाबयंत्रणा, जी एरवी दुखण्याचा आवाज कमी करते, ती ढिली पडलेली असते. त्यामुळे व्यायामाच्या पहिल्या काही मिनिटांत दुखणं उतरायच्या ऐवजी चढू शकतं, ऊतींना काहीही झालेलं नसताना. अशा मुलाचा ‘सात’ खोटा नसतो. तो फक्त गुडघ्याचं मोजमाप नसतो. त्यात कालची झोप, उद्याची परीक्षा आणि मागच्या वेळी याच व्यायामानंतर काय झालं होतं याची आठवण मिसळलेली असते.

शिकण्याचा भाग इथेच घुसतो. दुखलं, थांबलो, बरं वाटलं. प्रत्येक वेळी थांबण्याला सुटकेचं बक्षीस मिळतं, आणि मेंदू असे सौदे फार लवकर पाठ करतो. पुढच्या वेळी थांबण्याचा क्षण जरा आधी येतो. २०१४ मध्ये लॉरा सायमन्स आणि सहकाऱ्यांनी सीआरपीएस असलेल्या मुलामुलींच्या मेंदूचं चित्रण सघन उपचारांच्या आधी आणि नंतर केलं. अमिग्डाला, म्हणजे भीतीशी जोडलेला भाग, बाकीच्या मेंदूशी गरजेपेक्षा जास्त जोडलेला दिसला आणि उपचारांनंतर ते जोडकाम उतरलं. अभ्यास लहान आहे, त्यावर फार इमारत बांधू नये. पण भीती आणि हालचाल यांची गाठ सुटू शकते एवढं तो दाखवतो, आणि गाठ सोडवायची तर थांबण्याचा हुकूम भीतीच्या हातात ठेवून चालत नाही.

तरीही माझा काटा कोट्याकडे झुकला तो मेंदूच्या चित्रांमुळे नाही. झुकला तो एका कटकटीमुळे: ‘दहापैकी किती?’

पंचेचाळीस मिनिटांचं सत्र धरा. सहा व्यायाम, प्रत्येकी तीन सेट, सेटच्या आधी एकदा आणि नंतर एकदा विचारणा. छत्तीस वेळा. मुलाचं लक्ष जिथून हलवायचंय तिथेच आपण छत्तीस वेळा बोट ठेवतो. पाचव्या-सहाव्या विचारण्यानंतर उत्तरं गोठतात. ‘सात. सात. सातच.’ काही मुलं थेरपिस्टला बरं वाटावं म्हणून आकडा उतरवतात, काही व्यायाम संपावा म्हणून चढवतात. काहींच्या दृष्टीने तो आकडा म्हणजे आपल्यावर विश्वास ठेवला जातोय याची पावती असते, आणि ती सोडायला ती तयार नसतात. यात मुलांची चूक कुठेच नाही. ज्या आकड्यावर सगळं ठरतं, तो आकडा वाकणारच.

त्याहून वाईट म्हणजे प्रश्न घरी जातो. थेरपिस्ट विचारतो म्हणून आई सकाळी विचारते, बाबा शाळेतून आल्यावर, आजी झोपताना. प्रेमापोटी विचारलेला हा प्रश्न काय करतो याचा एक चांगला प्रयोग आहे. २००६ मध्ये लिन वॉकर आणि सहकाऱ्यांनी मुलांना भरपूर पाणी प्यायला देऊन पोट फुगवलं आणि नंतर पालकांना वेगवेगळं वागायला सांगितलं. पालकांनी लक्ष लक्षणांवर ठेवलं तेव्हा मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, लक्ष दुसरीकडे वळवलं तेव्हा निम्म्यावर आल्या. पोटदुखीची जुनी तक्रार असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांत. दुखणं बघून चालणारी पद्धत हा प्रश्न टाळूच शकत नाही, तो तिचा मापकच आहे. कोट्याला त्याची गरजच पडत नाही.

आकडा पूर्ण फेकून द्यावा असं मात्र नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ‘गेल्या सात दिवसांत सरासरी किती’ एवढं विचारून लिहून ठेवावं. बाकी नोंद कामाची असावी: सहा मिनिटांत किती मीटर चालणं, तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठणं, शाळेत किती तास. सोबत दर दोन आठवड्यांनी फंक्शनल डिसॅबिलिटी इन्व्हेंटरी, म्हणजे रोजच्या कामांतल्या अडचणींची प्रश्नावली, भरून घ्यावी. पंधरा प्रश्न, साठपैकी गुण. बारापर्यंत अडचण किरकोळ, तेरा ते एकोणतीस मध्यम, तीस आणि त्यावर गंभीर असं त्याचं वाचन रूढ आहे. गुण अठ्ठावीसवरून वीसवर आले आणि दुखणं सातवरच असेल तर कार्यक्रम चालतोय. हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगावं लागतं, कारण क्रम बहुतेकदा असाच असतो: आधी काम सुधारतं, दुखणं मागून उतरतं. तिसऱ्या आठवड्यात फक्त दुखण्याकडे पाहणारं कुटुंब लागू पडत असलेला उपचार मध्येच सोडतं.

कोट्याचेही नखरे आहेत, आणि ते आधी माहीत असलेले बरे. सर्वांत जास्त चुकते ती सुरुवातीची सरासरी. थेरपिस्ट समोर उभा असताना मूल जोर लावतं, आकडा फुगतो, आणि घरी चौथ्या दिवशी सगळं कोसळतं. म्हणून तीनपैकी निदान दोन मोजण्या घरच्या असाव्यात आणि एक तरी वाईट दिवसाची. दुसरी अडचण दहा टक्क्यांची. ३० मिनिटांवर ती ३ मिनिटं होतात, ठीक. पण ५ उठबशांवर अर्धी उठबस कशी करायची? लहान आकड्यांना टक्केवारी लावू नये. दर तिसऱ्या सत्राला एक फेरी वाढवावी, आणि आकडा वीसच्या पुढे गेला की मग टक्क्यांकडे जावं. तिसरी अडचण खेळाडू मुलांची. ही थांबत नाहीत, दात आवळून दुप्पट करतात आणि दोन दिवस अंथरुणात काढतात. त्यांच्यासाठी कोटा हा तळ नसून छत असतो. ८ मिनिटं म्हणजे ८, बारावं मिनिट हा नियमभंगच.

मग येतो भडका. तो येणारच, म्हणून त्याचा कागद पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवावा. दुखणं उसळलं तरी त्या दिवशीचा कोटा तोच, फक्त तुकडे करायचे: १२ मिनिटं एका दमात होत नसतील तर ४-४-४, मध्ये तासाभराचं अंतर. अठ्ठेचाळीस तासांनंतरही उसळी तशीच असेल तर दोन दिवस मागच्या आठवड्याच्या आकड्यावर यायचं आणि तिसऱ्या दिवशी परत चालू आकड्यावर. शून्यावर कधीच नाही. ‘आज राहू दे’ हे तीन शब्द घरातून बंद व्हावेत, कारण कोटा बहुतेक वेळा तिथेच मोडतो. मात्र दुखण्याची जागा किंवा जातच बदलली, नवी सूज आली, ताप आला, तर हा भडका समजू नये आणि कागद बाजूला ठेवून तपासणी करावी.

सीआरपीएसबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. तिथे हवेची झुळूकही सोसत नाही, त्यामुळे दुखणं बघून चालणारी पद्धत सुरूच होत नाही. पहिलाच स्पर्श दहापैकी नऊ. कोटा मात्र चालतो, फक्त एककं बारीक करावी लागतात: मऊ कापड दोन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, आठवड्याभराने जरा खरखरीत कापड. पाऊल वजनकाट्यावर ठेवून काटा ५ किलोवर तीस सेकंद धरायचा, मग ७, मग १०. मुलांना काटा आवडतो, तो वाद घालत नाही. इथे किती तास व्यायाम हवा यावर मतं फाटतात. डेव्हिड शेरी यांच्या १९९९ च्या अभ्यासात १०३ मुलांना रोज पाच-सहा तास व्यायाम दिला गेला आणि ९२ टक्के सुरुवातीला लक्षणमुक्त झाली, पण तुलनेचा गट नव्हता. ली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २८ मुलांना आठवड्यातून एकदा किंवा तीनदा फिजिओथेरपी दिली, सोबत मानसोपचार. दोन्ही गट सुधारले. त्यामुळे ज्यांना रोजचा सघन कार्यक्रम परवडत नाही किंवा जवळ नाही, त्यांनी हातपाय गाळू नयेत. आठवड्यातून एकदा तपासणी आणि घरी रोज कोटा, हेही बसतं.

एक तिसरा पर्यायही आहे, पण मी तो सगळ्यांना देणार नाही. भीती एका ठरावीक गोष्टीची असेल (वाकलं की पाठ मोडेल, उडी मारली की गुडघा निखळेल) तर फेऱ्या मोजून उपयोग नसतो. त्या गोष्टींची भीतीनुसार उतरंड लावून खालच्या पायरीपासून एकेक करून पाहावी लागते, आणि करण्याआधी ‘काय होईल वाटतं’ व नंतर ‘काय झालं’ हे लिहून घ्यावं लागतं. सायमन्स यांच्याच गटाचा ‘गेट लिव्हिंग’ कार्यक्रम या धर्तीवर आहे, त्यात मानसतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एकत्र बसतात. एकट्या फिजिओथेरपिस्टने हे घाईत करू नये. उलट दिशेची चूकही होते, नुसतं बोलण्यावर भिस्त ठेवायची. किशोरवयीन फायब्रोमायल्जियावर (सर्वांगाच्या जुनाट दुखण्याचा विकार) सुस्मिता काशीकर-झुक यांच्या २०१२ च्या ११४ मुलांच्या चाचणीत वर्तनोपचाराने अपंगत्व घटलं, पण कमरेला लावलेल्या हालचाल मोजणाऱ्या यंत्रांत हालचाल वाढलेली दिसली नाही. पुढे त्याच गटाने त्यात व्यायाम जोडला, तो उगाच नाही.

दोन्ही पद्धती एकाच सत्रात मिसळणं मात्र सर्वांत वाईट. आकडा ठरवायचा आणि मध्येच ‘फार दुखत असेल तर थांब’ म्हणायचं, यातून मूल एवढंच शिकतं की कोटा हा सुचवणीचा भाग आहे. कुणाला कोट्यावर एकदम उडी मारायची भीती वाटत असेल तर पहिले दोन आठवडे दुखणं बघून चालावं, त्यातूनच सरासरी काढावी आणि तिसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी सांगून, तारीख लिहून नियम बदलावा. त्या दिवसापासून दारातला प्रश्न ‘आज किती दुखतंय?’ असा नसून ‘कालची आठ मिनिटं झाली का?’ असा हवा. मूल आपणहून दुखण्याबद्दल बोललं तर खाली बसून ऐकावं, खरं मानावं, आणि मग घड्याळ लावावं.