कार्डावरच्या दोन रेषा आणि ब्लड कॅन्सरची भीती

कापसाचे पैसे हातात आले की मराठवाड्यातल्या बाजारगावांत 'मोफत रक्त तपासणी' लागते. बोटातल्या रक्ताचा थेंब कार्डावर, वरून बफर, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. 'सी'समोर एक रेष असतेच; 'टी'समोर फिकट का होईना दुसरी उमटली की माणसाला बाजूला घेतात. "काका, हिपॅटायटिस सी निघालाय. ह्याचाच पुढं ब्लड कॅन्सर होतो. रक्त धुऊन घ्यावं लागंल." मग 'रक्तशुद्धी'च्या सलाइनचा कोर्स, निम्मे पैसे आगाऊ. पावती नाही, बाटलीत टोचलेल्या औषधाचं नाव नाही.

ह्यात एक धागा खरा आहे, म्हणून शिकलेलेही फसतात. हिपॅटायटिस सी हा यकृताला सूज आणणारा विषाणू. तो वर्षानुवर्षं रक्तात राहिला तर बी-पेशींना (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) सतत चेतवत राहतो. त्या पुन्हा पुन्हा विभागताना चुका साचतात आणि काही जणांत नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे ह्याच पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर, होतो. धोका इतरांपेक्षा वाढतो हे खरं, पण मुळात तो इतका कमी असतो की बहुतेकांना हा कॅन्सर कधीच होत नाही. विषाणू गेला की धोकाही उतरतो. पानथरीच्या एका प्रकारच्या लिम्फोमात तर नुसत्या विषाणूविरोधी औषधांनी आजार ओसरल्याचं 2002 सालीच दिसलं होतं. सलाइननं विषाणू मरत नाही.

खरी लबाडी त्या कार्डात आहे. कार्ड विषाणू दाखवतच नाही, अँटिबॉडी दाखवतं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं. काहींच्या अंगातून विषाणू आपोआप निघून गेलेला असतो, तरी रेष उमटते. म्हणून पुढची तपासणी एकच: एचसीव्ही आरएनए व्हायरल लोड, म्हणजे रक्तात खुद्द विषाणू आहे का आणि किती. विषाणू निघाला तरच औषध. लिव्हर सिरॉसिस (यकृत कायमचं घट्ट होणं) नसेल तर साधारणपणे सोफोस्बुव्हिर 400 मिग्रॅ आणि डॅक्लाटासव्हिर 60 मिग्रॅ, रोज एकेक गोळी, 12 आठवडे. सिरॉसिस असेल तर औषधं बदलतात. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे, कारण सी जाताना दबलेला बी उसळू शकतो. 2018पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात विचारा.

शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करायचा. 'नॉट डिटेक्टेड' आलं की बरे झालात. कार्ड मात्र पुढेही पॉझिटिव्हच येत राहतं, आणि नेमकं तेच दाखवून बऱ्या झालेल्या माणसाला दुसरा कोर्स विकतात. 'नॉट डिटेक्टेड'चा रिपोर्ट लॅमिनेट करून ठेवा.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो वाया गेलेल्या महिन्यांसाठी. मानेत, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ महिनाभर टिकली, रात्री घामानं अंथरूण भिजू लागलं, वजन उतरलं, तर सलाइन लावत बसू नका. लिम्फोमात साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणीही, नॉर्मल येऊ शकतो. निदान गाठीच्या बायोप्सीवरच, म्हणजे तिचा तुकडा काढून तपासल्यावरच, होतं.

पैसे गेले असतील तर वापरलेलं कार्ड, रिकामी बाटली आणि फोनवरचा व्यवहार जपून ठेवा. बोगस डॉक्टरची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, औषधाची अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.