त्याने मला वजन सोडून सगळं शिकवलं

एका नाण्यात फसलो ते ५२० पौंडांना. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो मी ३०० सांगितला होता आणि ते वेगळं महाभारत पुढे झालंच.

मी पुण्याचा, गेली बरीच वर्षं बर्मिंगहॅममध्ये. नाण्यांचा नाद लहानपणचा. बाबा रविवारी जुन्या बाजारात न्यायचे. तिथे जमिनीवर अंथरलेल्या फडक्यावरून पंचम जॉर्जचे आणे आणि भोकाचे पैसे उचलून आणायचो. इथे आल्यावर नाद निजला होता. एका चॅरिटी शॉपमध्ये गल्ल्याशेजारी जुन्या पेनींचा डबा दिसला, तेव्हा पुन्हा जागा झाला. घरी येऊन भिंग लावलं तर १९१२ च्या एका पेनीवर सालाच्या डावीकडे इवलासा 'एच' दिसला. शोधल्यावर कळलं, हा एच म्हणजे हीटन. लंडनच्या टांकसाळीला काम झेपेना म्हणून पेनी पाडायचं काम या खाजगी टांकसाळीला दिलं होतं, आणि ती होती याच शहरात, इकनील्ड स्ट्रीटवर. ज्या रस्त्याने मी जातो-येतो तिथे पाडलेलं नाणं माझ्या तळहातावर! त्या दिवसापासून मला बारीक अक्षरांचं वेड लागलं. १९१८ आणि १९१९ च्या पेनींवर एच मिळतो, तसाच 'केएन'ही मिळतो. तो किंग्ज नॉर्टनच्या टांकसाळीचा, म्हणजे पुन्हा बर्मिंगहॅमच.

हे वेड मी कोणापासून लपवलं नाही, हे लक्षात ठेवा.

त्याच सुमारास मी १९०२ ची एक पेनी चिंचेने घासली. देवघरातली तांब्या-पितळेची भांडी आई घासायची तशी, मीठ लावून. लखलखीत झाली. ती खिशात घालून शहराबाहेरच्या एका रविवारच्या बाजारात गेलो. तिथे एका टेबलामागे साठीचा एक गृहस्थ बसला होता. डोक्यावर टोपी, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. मी ऐटीत पेनी दाखवली. त्याने ती कडांना धरून उचलली, उजेडात फिरवली आणि विचारलं, "कोणी घासली?" मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, "आता ही पेनी नाही, बटण आहे."

मग त्याने दाखवलं की ब्रिटानियाच्या, म्हणजे पेनीवर बसलेल्या त्या त्रिशूळधारी बाईच्या, मागची समुद्राची रेघ या पेनीवर नेहमीपेक्षा खाली आहे. १९०२ मध्ये असे दोन प्रकार निघाले. खालच्या रेघेची कमी मिळते आणि तिला जास्त किंमत येते. ब्राँझवर शंभर वर्षांत चढलेला तपकिरी रंग हेच तिचं कातडं, आणि ते मी सोलून काढलं होतं.

असा गुरू कोणाला नको असतो?

पुढचे चार-पाच महिने मी जवळजवळ दर रविवारी त्याच्याकडे जात होतो. त्याने शिकवलेलं आजही मला उपयोगी पडतं, म्हणून इथे लिहितो. इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यांत १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी असते, १९२० ते १९४६ निम्मी, आणि १९४७ पासून रोजच्या चलनात चांदी औषधालाही नाही. साल वाचता आलं की निम्मं मोल कळलं. व्हिक्टोरियाचे चेहरे तीन: आधी तरुण, मग १८८७ च्या ज्युबिलीचा, म्हणजे राज्याच्या सुवर्णमहोत्सवाचा, डोक्यावर इवला मुकुट असलेला, आणि १८९३ पासून पदर घेतलेली म्हातारी. नाणं किती झिजलंय यावर किंमत दहापट बदलते. तीच पेनी गुळगुळीत असेल तर पौंड-दोन पौंडांत मिळते, आणि केसांची बट न् बट दिसत असेल तर आकडा ऐकून घाम फुटतो. साठवणीचंही त्यानेच सांगितलं. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणं ठेवायचं नाही, त्यातल्या पीव्हीसीमुळे काही वर्षांत त्यावर हिरवा चिकट थर येतो. तो आलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवायचं, नेलपॉलिश काढायच्या रंगीत पाण्यात नाही, आणि पुसायचं नाही, नुसतं वाळू द्यायचं. ओक लाकडाच्या खणात ठेवायचं नाही, त्यातून आम्ल सुटतं. इथल्या दमट घरात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. हे सगळं खरं आहे, नंतर मी पडताळून पाहिलं.

त्याच्याकडून मी घेतही होतो. १७९७ ची 'कार्टव्हील' पेनी घेतली, बोल्टन नावाच्या कारखानदाराच्या सोहो टांकसाळीतली, म्हणजे तीही बर्मिंगहॅमची. रुंद काठाचं, एक औंसाचं धूड. तीन हाफ-क्राउन, म्हणजे अडीच शिलिंगांची नाणी, घेतली. आणि १८८७ चा सहा पेन्सचा एक तुकडा, ज्याची गोष्ट त्याने फार रंगवून सांगितली होती. ज्युबिलीच्या वर्षी सहा पेन्सच्या मागच्या बाजूला जी ढाल काढली, ती हुबेहूब सोन्याच्या हाफ-सॉव्हरिनवर, म्हणजे दहा शिलिंगांच्या नाण्यावर, होती तशी. आकारही जवळपास तोच. लोकांनी त्याला सोन्याचा मुलामा दिला आणि दहा शिलिंगांना खपवलं. शिलिंगाचे पेन्स बारा, म्हणजे वीसपट! शेवटी सरकारला त्याच वर्षी नक्षी बदलावी लागली. ही गोष्ट सांगताना तो पोट धरून हसला, आणि मीही.

बोलता बोलता त्याने विचारलं होतं, मूळचा कुठला? मी म्हटलं, पुण्याचा, मुंबईजवळ. त्यावर तो काही बोलला नाही. दोन-तीन रविवार गेले. मग एकदा टेबलाखालून त्याने एक कडक प्लॅस्टिकची डबी काढली, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावलेली. आत सोन्याचं सॉव्हरिन, आपल्याकडे जुनी माणसं जिला गिन्नी म्हणतात ती. पंचम जॉर्ज, मागे घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन, साल १९१८. सालाच्या वर, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, एक बारीक अक्षर होतं: 'आय'. आय म्हणजे इंडिया. मुंबईची टांकसाळ.

यातलं इतिहासाचं त्याने जे सांगितलं तेही खरंच होतं. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीत रॉयल मिंटची, म्हणजे लंडनच्या सरकारी टांकसाळीची, शाखा उघडली. ऑगस्ट १९१८ ते एप्रिल १९१९ एवढ्याच काळात तिथे सॉव्हरिन पाडले गेले आणि सगळ्यांवर साल १९१८ घातलं. शाखेची तयारी पुरी होण्याआधी तिथे त्याच वजनाची पंधरा रुपयांची मोहोरही निघाली होती. "एकाच वर्षाचं नाणं," तो म्हणाला, "तुझ्या गावचं. तुझ्याकडेच शोभेल."

मला भरून आलं. फोर्टातली ती इमारत मी बाहेरून कैकदा पाहिलेली.

६०० सांगून तो ५२० वर आला. दुपारी आणखी एक जण बघायला येणार होता म्हणे. कार्डाचं यंत्र बंद होतं, तेव्हा मी चालत जाऊन एटीएममधून दोनदा पैसे काढले. पावती मागितली तर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून मिळालं, 'जुनं नाणं, १'. आणि निघताना त्याने बजावलं, डबी उघडू नको, हवा लागली की रंग जाईल.

जुन्या बाजारात पाच रुपयांच्या आण्यासाठी अर्धा तास घासाघीस करणारा मी, इथे एका शब्दाने काही विचारलं नाही. गोरा म्हातारा, हळू बोलणं, भिंग: यांना मी आपसूकच प्रामाणिक ठरवून टाकलं होतं. हे लिहायला लाज वाटते.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर आईला गिन्नी दाखवली. ती म्हणाली, "काढ की बाहेर, नीट दिसत नाही." मी म्हटलं, नाही, हवेने खराब होते. आईने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. "अरे, सोन्याला कधीपासून हवा लागायला लागली? माझ्या पाटल्या काय मी डबीत घालून हातात घालते?"

मी फोन ठेवला आणि चिकटपट्टीकडे बघत बसलो. उघडायचं धाडस काही झालं नाही.

शनिवारी शहरातल्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये गेलो. जुनं सोनं घेणाऱ्या दुकानातल्या बाईंनी नाण्याकडे पाहिलंही नाही. पट्टी कापली, नाणं काढलं आणि थेट काट्यावर ठेवलं. ६.३१ ग्रॅम. खऱ्या सॉव्हरिनचं वजन ७.९८ भरतं, झिजून ७.९४ च्या खाली गेलं तर पूर्वी ते चलनातूनच बाद होई. त्यांनी काट्याचा आकडा माझ्याकडे वळवला आणि काही बोलल्या नाहीत. मग कॅलिपर लावला. व्यास बरोबर, पण जाडी १.५२ मिलिमीटर हवी तिथे १.८ च्या वर. वजनाला हलकं आणि अंगाने जाड, म्हणजे आतला धातू बावीस कॅरटचा नाही. यंत्राखाली धरल्यावर वरच्या पिवळ्या मुलाम्याखाली नऊ कॅरट निघालं. मग त्यांनी भिंगातून दाखवलं. खरं नाणं ठशाखाली दाबून पाडतात, त्याची पाठ काचेसारखी ताणलेली दिसते. हे साच्यात ओतलेलं होतं, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे होते. सेंट जॉर्जची नक्षी कोरणाऱ्या पिस्त्रुच्चीची 'बी. पी.' ही अक्षरं साल संपतं तिथे असायला हवीत, तिथे नुसता ढेकूळ होता. आणि ज्या 'आय'ने मला वेडं केलं, तो कडांना विरघळलेला होता, भिजलेल्या पोस्टकार्डावरच्या शाईसारखा.

वितळवायला दिलं तर शंभरेक पौंड येतील, त्या म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, कितीला घेतलं? मी सांगितलं. तेव्हा दुसरा धक्का. नाणं अस्सल असतं तरी ५२० जास्तच होते. त्या वेळच्या भावाने त्यातलं सोनं पावणेचारशेच्या आसपास बसत होतं, आणि मुंबईचे सॉव्हरिन काही थोडेथोडके नाहीत, जवळपास १३ लाख पाडले होते. 'एकाच वर्षाचं' हे खरं, 'दुर्मीळ' हे मी माझ्या मनाने जोडलं होतं. त्याने तो शब्द उच्चारलाही नव्हता.

रविवारी बाजारात गेलो तर टेबलाच्या जागी एक बाई लोकरीचे मोजे विकत होती. जागेचं भाडं रोजच्या रोज रोखीत घेतात, नावं कोणी लिहून ठेवत नाही. ग्राहक मदत केंद्राकडे तक्रार नोंदवली. एक क्रमांक मिळाला आहे, तो मी जपून ठेवला आहे.

तुमच्यापैकी जे इथे राहतात आणि ज्यांना हा नाद आहे किंवा लागू शकेल, त्यांच्यासाठी. बारा-पंधरा पौंडांत शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा मिळतो. मी तो आता पाकिटासारखा बाळगतो. न झिजलेल्या नाण्याची वजनं पाठ करून टाका: सॉव्हरिन ७.९८, हाफ-सॉव्हरिन ३.९९, हाफ-क्राउन १४.१, शिलिंग ५.६५, १८६० नंतरची ब्राँझची पेनी ९.४. थोडी झीज समजू शकते. सोन्यात दीड ग्रॅम झिजत नसतं. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकता बुडवा. नाणं जेवढं पाणी बाजूला सारतं तेवढा आकडा दिसतो: खऱ्या सॉव्हरिनला काटा ०.४५ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. माझ्याने ०.५५ दाखवले. विकणारा काटा लावू देत नसेल तर नमस्कार करून पुढे व्हा. १०० पौंडांच्या वरचा व्यवहार क्रेडिट कार्डावर करा. इथल्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ मुळे विकणाऱ्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार राहते. एटीएमच्या नोटांना असलं कलम नसतं. आणि विकायला निघालात तर हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसासाठी येऊन 'जुनी नाणी घेतो' म्हणणाऱ्यांना लगेच देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी शेजारणीकडून मिळालेला सगळा डबा तिथे ६० पौंडांत दिला. त्यात काय होतं हे आता कोणालाच कळणार नाही.

नकली माहीत असताना ते पुढे खपवणं हा गुन्हा आहे, म्हणून ते नाणं खणातच पडून आहे, कागदाच्या पाकिटात, वर 'खोटं' असं लिहून.

काटा घरी आला त्या संध्याकाळी मी त्याच्याकडून घेतलेलं सगळं टेबलावर काढलं. मनात म्हटलं, एवढ्या महिन्यांत किती गंडवलं असेल. कार्टव्हील ठेवली. झीज धरून बरोबर. तिन्ही हाफ-क्राउन बरोबर. शेवटी तो १८८७ चा सहा पेन्सचा तुकडा. २.८ ग्रॅम. मुलामा देऊन याला हाफ-सॉव्हरिन म्हणून चालवायचे, आणि हाफ-सॉव्हरिन ३.९९ चं. तेव्हाही कोणी नुसतं काट्यावर टाकलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. गोष्ट सांगताना तो एवढंच वगळून हसला होता.

त्याच्याकडचं बाकी एकूण एक नाणं खरं निघालं, आणि सगळी त्याने रास्त भावात दिली होती.