टाइल्स काढायच्या ‘केमिकल’पायी 45,300 रुपये गेले, तुम्ही तरी सावध रहा

ज्यांच्या घरात जुन्या लादीवरच नवीन टाइल्स चिकटवल्यात आणि आता त्या काढायच्यात, त्यांनी हे वाचाच. आमचा फ्लॅट रिसेलचा. आधीच्या मालकाने मोझेक तशीच ठेवून वरून व्हिट्रिफाइड टाइल्स ॲडहेसिव्हने बसवल्या होत्या. हॉल आणि किचन मिळून 340 स्क्वेअर फूट. फरशीची उंची वाढल्यामुळे बाल्कनीचं दार घासतं, म्हणून काढायचं ठरवलं.

पहिल्या मिस्त्रीने सरळ सांगितलं होतं, ब्रेकर म्हणजे फोडायचं मशीन लागणार, आवाज होणार, 38 रुपये फूट. पण आमच्या सासूबाईंची बायपास झालेली, खालच्या मजल्यावर तान्हं बाळ, सोसायटीत ब्रेकरला दुपारी बंदी. मग हा दुसरा आला. "ताई, ब्रेकर लावलात तर स्लॅब हलेल, खालच्यांकडे गळती सुरू होईल, नंतर निस्तरत बसाल. आपल्याकडे केमिकल आहे, सांध्यात ओतायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी टाइल पापडासारखी सुटते." कार्ड होतं, कार्डावर जीएसटी नंबर होता, मोबाइलमध्ये कामांचे फोटो होते आणि ओळखीतून आलेला माणूस. अजून काय बघायचं असतं हो माणसाने?

डेमो त्याने माझ्यासमोर दिला, आणि तो डेमो आठवला की आजही डोकं फिरतं. हातोडीच्या दांड्याने टाइल्सवर ठकठक करत तो सगळा हॉल फिरला. सगळीकडे टणक आवाज. खिडकीपाशी आल्यावर आवाज बदलला, पोकळ, भदभद. तिथेच तो बसला, सांध्यात थोडं केमिकल सोडलं, मला म्हणाला चहा होईपर्यंत थांबा, आणि चहा होतोय तोवर पटाशी घालून अख्खी टाइल उचलली, न तुटता! मला वाटलं चांगला मिस्त्री असाच ठोकून बघतो. ती टाइल आधीच सुटलेली होती. खाली ॲडहेसिव्हचे फणीसारखे पट्टे जसेच्या तसे होते, टाइलच्या पाठीला काहीच लागलं नव्हतं, म्हणजे ती कधी नीट धरलीच नव्हती. तो आवाज मी स्वतःच्या कानाने ऐकला होता. म्हणून सांगते, डेमो कुठल्या टाइलवर द्यायचा ते आपण ठरवायचं, त्याने नाही.

मग पैसे. मजुरीचा ॲडव्हान्स 5,000. केमिकलचे 5 लिटरचे सात डबे, 3,400 ला एक, म्हणजे 23,800. उरलेला गोंद खरवडायच्या मशीनचं डिपॉझिट 12,000, मशीन म्हणे भिवंडीहून येणार. डेब्री न्यायच्या टेम्पोचे 4,500. सगळं यूपीआयने आणि प्रत्येक वेळी वेगळ्या नंबरवर, एक भावाचा, एक दुकानदाराचा. एकाच कामाचे पैसे वेगवेगळ्या नावांवर मागितले की तिथेच थांबा.

दोन डबे ओतले त्याने. घरभर थिनरचा वास, सासूबाईंना मळमळायला लागलं, आणि हा वर सांगतो खिडक्या बंद ठेवा नाहीतर केमिकल उडून जाईल. शेजारच्या किचनमध्ये गॅस चालू होता हो! असलं काही घरात ओतलं तर खिडक्या उघडा आणि गॅस बंद करा, कोणी काही सांगो. सकाळी एक टाइल हलली नाही. "मशीन घेऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच, फोन बंद.

नंतर पहिल्याच मिस्त्रीला बोलावलं. त्याने डब्याचा वास घेतला आणि म्हणाला, टाइलचं ॲडहेसिव्ह हे बहुतेक सिमेंटचंच असतं, त्यात पॉलिमर घातलेलं, एकदा सेट झालं की थिनरने विरघळत नाही, ते ब्रेकरने किंवा छन्नीनेच निघतं, राहिलेलं ग्राइंडरने घासायचं. आणि छन्नी तिरपी धरून काम करणारा असेल तर स्लॅबला भ्यायचं कारण नाही. 340 फुटांचे 12,920 झाले, काम नीट झालं. जीएसटी नंबरही तेव्हा पोर्टलवर टाकून बघितला. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो, याचा 24 ने, म्हणजे गुजरातचा, आणि धंदा कापडाचा. पोर्टलवर फुकट दिसतं हे, दोन मिनिटं लागतात.

आता पोलिसांचं ऐका. चौकीत पहिलं वाक्य, "मॅडम, काम अर्धवट सोडलं ना, हे सिव्हिल मॅटर आहे." अहो, खोटा नंबर, खोटं केमिकल, पैसे घेऊन पसार, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे, जुनं 420 तेच ना? मग म्हणे पैसे ज्या खात्यात गेले ते दुसऱ्या हद्दीतलं, तिकडे जा. तिकडचे म्हणाले घटना तुमच्या घरात घडली, तिकडे जा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असं नवीन कायद्यात लिहिलंय, तो कागद काढून दाखवला तर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही. बँकेत गेले तर उत्तर तयार, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, आम्ही काय करणार. सोसायटीने डेब्री कंपाउंडमध्ये पडली म्हणून 2,000 दंड लावला तो वेगळाच. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही हे खरं, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि पत्ता कोण शोधणार? जो शोधू शकतो तो मलाच सिव्हिल मॅटर शिकवतोय. म्हणून पैसे देण्याआधी आधारची कॉपी आणि राहता पत्ता घ्याच, देत नसेल तर दारातूनच परत पाठवा. ऑनलाइन पैसे गेले की लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, चौकीत रांगेत बसून वेळ घालवू नका.

चौकीने घेतली नाही तर तक्रार लेखी, पोस्टाने वरिष्ठांना पाठवता येते, तरीही दखल घेतली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मी रजिस्टर एडीने पाठवली आहे, पोच आली आहे. उरलेले पाच डबे, निळे, लेबल नसलेले, पुरावा म्हणून गॅलरीत ठेवलेत. असे डबे घेऊन कोणी तुमच्याकडे आलं असेल तर त्याचा फोटो आणि यूपीआयचे नंबर जपून ठेवा आणि मला कळवा, नंबर जुळले तर आपण मिळून तक्रार देऊ.