एव्होलेन की लेझँ? फ्रेंच स्वित्झर्लंडमधल्या दोन डोंगरी गावांतून निवडताना

स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात एखाद्या डोंगरी गावात राहायचं असेल, तर वाले कँटनमधलं (कँटन म्हणजे स्वित्झर्लंडमधलं राज्य) एव्होलेन आणि वो कँटनमधलं लेझँ या दोघांची तुलना जरूर करा. फोटोंत दोन्ही सारखीच दिसतात: लाकडी घरं, हिरवे उतार, मागे बर्फाची शिखरं. खरा फरक आकडे शेजारी ठेवल्यावर कळतो. एव्होलेन पालिकेचं क्षेत्रफळ सुमारे २१० चौरस किलोमीटर आणि वस्ती साधारण १,७००. लेझँचं क्षेत्रफळ अवघं साडेअठरा चौरस किलोमीटर आणि लोक चार हजारांच्या आसपास. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे एव्होलेनला आठ माणसं, लेझँला दोनशेच्या घरात. तुमचा मुक्काम कसा होईल, हे शिखरांच्या उंचीपेक्षा या आकड्यांवर जास्त ठरतं, असं माझं मत आहे.

एव्होलेनचं मुख्य गाव १,३७१ मीटरवर, म्हणजे जवळपास आपल्या महाबळेश्वरच्या उंचीवर आहे. पण पालिकेची हद्द तिथून चढत थेट इटलीच्या सीमेपर्यंत जाते आणि ४,३५७ मीटर उंचीचं दाँ ब्लांश शिखर तिच्या कडेवर उभं आहे. यातला बराचसा भाग नुसता खडक आणि हिमनद्या. त्यामुळे माणसं बोर्न्य नदीच्या खोऱ्यात आणि उतारांवरच्या छोट्या वस्त्यांत विखुरलेली आहेत: ले ओदेर, ला साज, ला फोर्क्ला आणि सगळ्यात वर, सुमारे दोन हजार मीटरवर, आरोला. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहणारी कुटुंबं बरीच असल्यानं फ्रेंचबरोबर त्यांची जुनी पात्वा बोलीही टिकली आहे. स्वित्झर्लंडमध्ये इतरत्र ही बोली जवळपास म्हाताऱ्यांपुरती उरली असताना इथं ती घरात मुलांपर्यंत पोचली, हे मला एव्होलेनचं सर्वांत मोठं वैभव वाटतं. एराँ जातीच्या काळ्या, ठेंगण्या, ताकदवान गाई इथल्याच खोऱ्यातल्या. कळपाची राणी कोण, हे त्या शिंगाला शिंग भिडवून ठरवतात. जानेवारी-फेब्रुवारीतल्या कार्निव्हलला लाकडी मुखवटे घालून आणि कातडी पांघरून, किंवा गोणपाटात पेंढा ठासून गावकरी रस्त्यावर येतात.

लेझँची वस्ती वाढली ती क्षयरोगामुळे. रोन खोऱ्याकडे तोंड करून असलेल्या या उन्हाच्या उतारावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आरोग्यधामं उभी राहू लागली. १९०० मध्ये खाली रोन खोऱ्यात असलेल्या एग्लहून दातेरी रुळांची रेल्वे वर आली. १९०३ पासून डॉ. ऑग्युस्त रोलिए यांनी सूर्यप्रकाशाच्या उपचारांनी गावाचं नाव जगभर नेलं. पुढे क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन आलं, रुग्ण ओसरले आणि त्या भल्यामोठ्या इमारतींत हॉटेलं आणि आंतरराष्ट्रीय शाळा आल्या. म्हणून आज लेझँच्या रहिवाशांत निम्म्याहून अधिक परदेशी नागरिक आहेत. रस्त्यावर इंग्रजी सहज चालतं. फ्रेंच येत नसलेल्या कुटुंबाला ही मोठीच सोय आहे. फ्रेंचचा सराव करायला जाणाऱ्याला मात्र तीच अडचण ठरेल, त्यानं एव्होलेन गाठावं.

आई-वडील सोबत असतील, गुडघे कुरकुरत असतील, तर माझं मत लेझँला. एग्ल स्थानकातून रेल्वे साधारण अर्ध्या तासात गावात पोचवते, आणि गंडोलानं २,०४८ मीटरवरच्या बेर्न्यूजला गेलं की तिथल्या फिरत्या उपाहारगृहातून दाँ द्यु मिदीची रांग बसल्या जागी दिसते. एव्होलेनला वाले कँटनच्या राजधानीतून, सिऑनहून, पिवळी पोस्टबस जाते. रस्ता वळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी गोळी जवळ ठेवावी. स्विस ट्रॅव्हल पास असेल, तर ही रेल्वे आणि बस दोन्ही त्यात येतात.

हिवाळ्यात एव्होलेनला जाणाऱ्यांनी एक गोष्ट गांभीर्यानं घ्यावी. फेब्रुवारी १९९९ मध्ये इथं हिमकडा कोसळून बारा जणांचा जीव गेला होता. रोजचं हिमस्खलन-सूचनापत्र पाहिल्याशिवाय आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका. जून ते सप्टेंबर मात्र हेच खोरं पायी हिंडणाऱ्यांसाठी अप्रतिम. आरोलाहून हिमनदीच्या दिशेनं जाणारी वाट लहान मुलांनाही जमते.

शाकाहारींना दोन्हीकडे राक्लेत मिळेल: वितळलेलं चीज आणि उकडलेले बटाटे. पण पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. ते चालत नसेल तर स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, आणि एव्होलेनच्या वरच्या वस्त्यांत राहणार असाल तर किराणा सिऑनमध्येच भरून घ्या.

पाच रात्री हाताशी असतील, तर निवड करायचीच गरज नाही. एग्ल आणि सिऑन एकाच रेल्वेमार्गावर आहेत. आधी दोन रात्री लेझँ, मग तीन एव्होलेनला. मे आणि नोव्हेंबर टाळा, कारण त्या काळात गंडोला आणि बरीच हॉटेलं बंद असतात.